भाकरीची शीव

'एरुवीन' उघडलं की पहिल्याच वाक्यात एक तुळई आडवी येते. गल्लीच्या तोंडावर टाकलेली तुळई 20 हातांहून उंच असेल तर ती खाली घ्यावी, असं सांगूनच ग्रंथ सुरू होतो. ना मंगलाचरण, ना प्रयोजन. गल्ली कुठली, तुळई कशासाठी, ती उंच राहिली तर बिघडतं काय, हे सगळं वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून लिहिणारा पुढे निघतो. लगेच दुसरा एक रब्बी म्हणतो, खाली घेण्याची गरज नाही. पहिल्या दोन ओळींतच नियम झाला आणि वादही झाला. पुढचे दहा अध्याय याच चालीने जातात.

यहुदी धर्मशास्त्राची 'मिश्ना' ही संहिता इ.स. 200च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी संकलित केली. 'एरुवीन' हा तिच्यातला एक भाग, शब्बाथविषयक भागाच्या लगेच नंतरचा. त्यावरची चर्चा पुढे बाबिलोनी तल्मूदात शंभराहून अधिक पत्रांवर पसरली. मराठी वाचकाला हे साहित्य अगदीच परकं नाही. 1874 साली पुण्यातच वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर शेजारी ठेवून छापला गेला होता. पण प्रार्थना आणि कथा जितक्या सहज मराठीत आल्या, तितकं हे कायद्याचं वाङ्मय आलं नाही. कायदा कोण आवडीने वाचणार? माझं म्हणणं असं की 'एरुवीन' आवडीने वाचावं असंच आहे. त्यात अन्न पानोपानी आहे आणि जवळजवळ कुणीच जेवत नाही. भाकर, अंजीर, द्राक्षारस, पिंप, कपाट असा सगळा सरंजाम मांडलेला असतो. तो मांडण्याचं कारण पोट भरणं हे नसून माणसाचं घर कुठपर्यंत पोचतं हे ठरवणं हे असतं.

आधी नियम पाहू. शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री सुटतो. त्या काळात दोन बंधनं असतात. एक अंतराचं: वस्तीच्या कडेपासून 2000 हातांच्या पलीकडे चालत जायचं नाही. दुसरं वाहून नेण्याचं: घरातली वस्तू रस्त्यावर न्यायची नाही, आणि चार घरांचं मिळून एक अंगण असेल तर घरातून त्या अंगणातही न्यायची नाही. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपल्याकडे धरतात तसा दीड फूट. 2000 हात म्हणजे किलोमीटरला थोडं कमीच. मुळशी तालुक्यातलं उरवडे डोळ्यांपुढे आणा. गावठाणाच्या शेवटच्या घरापासून निघालेला माणूस भातखाचरं ओलांडून फार तर डोंगराच्या पायथ्याला लागेल. शेजारच्या वाडीत मयत झाली आणि ती वाडी दीड किलोमीटरवर असली, तर जाता येणार नाही. पिरंगुट तर लांबच राहिलं.

इथे अन्न कामाला येतं. शुक्रवारी उजेड असताना माणसाने 2000 हातांच्या आत एखाद्या ठिकाणी दोन वेळचं जेवण नेऊन ठेवायचं. या ठेवलेल्या जेवणाला एरुव म्हणतात. मग कायद्याच्या नजरेत त्याचा शब्बाथचा मुक्काम तिथे झाला, आणि पुढचे 2000 हात तिथून मोजायचे. पूर्वेला जितकं मिळालं तितकं पश्चिमेला सुटलं. फुकट काही नाही. माणूस रात्री स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर झोपतो, पण त्याचं घर भाकरीपाशी आहे असं मानलं जातं. उरवड्याच्या शिवेवरच्या झाडाखाली कुणी तिन्हीसांजेला असं फडक्यात बांधलेलं जेवण ठेवलं, तर सकाळी पाहणारा दोन हात लांबून जाईल आणि गावात सांगेल की कुणीतरी उतारा टाकलाय. शिवेवर ठेवलेल्या अन्नाला अर्थ असतो, हे आपल्यालाही सांगावं लागत नाही. फरक एवढाच की उतारा टाकणारा मागे वळून पाहत नाही, आणि एरुव ठेवणाऱ्याचं सगळं लक्ष त्या गाठोड्यावर असतं.

कुठलं अन्न चालतं? तिसऱ्या अध्यायाचं उत्तर मोकळंढाकळं आहे: पाणी आणि मीठ वगळून काहीही. दोन्ही जगण्याला लागतात, पण नुसत्या पाण्यावर किंवा नुसत्या मिठावर कुणी जेवलो म्हणत नाही. यावर तल्मूद एक मजेदार शेरा मारतो. नियमात 'अमुक सोडून सगळं' असं स्वच्छ लिहिलेलं असलं तरी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण अळंबीही चालत नाहीत आणि त्यांचा उल्लेख इथे नाही! आपल्याच नियमाला असा चिमटा काढणारं भाष्य धर्मग्रंथांत विरळा.

खरी गंमत पुढच्या कलमांत आहे. मद्य न पिण्याचं व्रत घेतलेल्या माणसासाठी द्राक्षारसाचा एरुव चालतो. पुरोहितासाठी काढून ठेवलेला वाटा साध्या माणसाने खायचा नसतो, तरी त्या वाट्याने साध्या माणसाचा एरुव होतो. एक रब्बी इथे अडून बसतो, पण बहुमत चालतं असंच म्हणतं. मात्र ज्या धान्यातून देवाधर्माचे वाटे अजून काढलेलेच नाहीत, ते चालत नाही. ही तीन कलमं शेजारीशेजारी ठेवली की आतलं सूत्र दिसतं. ते अन्न मला खाता येतं का, हा प्रश्नच नाही. कुणाला तरी खाता येतं ना? मग झालं. न काढलेल्या वाट्यांचं धान्य कुणालाच खाता येत नाही, म्हणून ते बाद. माझं घर कुठे आहे हे ठरवणारं जेवण दुसऱ्याच्या तोंडी लागेल असं असलं तरी पुरतं. वाटे काढले की नाही याबद्दल संशय असलेलं धान्यही चालतं, आणि तल्मूदाने दिलेलं त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. असं संशयित धान्य गरिबांना खायची मुभा होती. एरुव ठेवणारा श्रीमंत असला म्हणून काय झालं? मनात आणलं तर तो सगळी मालमत्ता सोडून देऊन गरीब होऊ शकतो. म्हणून ते त्याच्यासाठीही खाण्याजोगं. कायद्याच्या एका सोयीसाठी श्रीमंताला क्षणभर कफल्लक कल्पून पाहणं ही साहित्यातली कल्पनाशक्ती आहे.

मग ठेवायचं कसं? झाडावर दहा मुठींच्या, म्हणजे साधारण तीन फुटांच्या वर ठेवलं तर एरुव होत नाही. त्याखाली ठेवलं तर होतो. खड्ड्यात ठेवलं तर खड्डा 100 हात खोल असला तरी चालतो. कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली हरवली तरीही चालतो. पण रब्बी एलिएझर म्हणतो, किल्ली जागेवर आहे हे ठाऊक नसेल तर नाही. गाठोडं घरंगळून हद्दीबाहेर गेलं, त्यावर ढिगारा कोसळला, ते जळालं, तर हे उजेड असताना घडलं की अंधार पडल्यावर एवढंच विचारायचं. अंधारानंतर घडलं असेल तर एरुव शाबूत. सगळा खटाटोप दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरच्या त्या घटकेसाठी आहे. त्या घटकेला ते जेवण हाताशी असायला हवं. नंतर ते कोल्ह्याने नेलं तरी मुक्काम झालेला असतो. आणि कधी झालं हेच कळलं नाही तर? दोन रब्बी म्हणतात, असा माणूस एकाच वेळी गाढवही हाकतो आणि उंटही; एकाला मागून हाकायचं, दुसऱ्याला पुढून ओढायचं, त्यामुळे धड इकडे नाही धड तिकडे नाही. रुक्ष कलमांच्या मध्येच असं एखादं चित्र येतं आणि पुन्हा कलमं सुरू होतात.

इथवर वाचणाऱ्याची समजूत होते की एरुव म्हणजे भाकर. चौथा अध्याय ती समजूत मोडतो. तिथे एक वाटसरू आहे. अंधार पडत आलाय, घर लांब आहे, पण वाटेतलं एक झाड त्याच्या ओळखीचं आहे. तो म्हणतो, माझा मुक्काम त्या झाडाखाली. नुसतं 'झाडाखाली' म्हणून भागत नाही. बुंध्यापाशी, असं नेमकं सांगावं लागतं. तसं सांगितलं की तो उभा असलेल्या जागेपासून बुंध्यापर्यंत 2000 हात आणि बुंध्यापासून घरापर्यंत 2000 हात चालून घरी पोचतो. त्याच्याजवळ भाकर नाही. मग अध्याय आपला मूळ सिद्धान्त सांगतो: गरीब माणूस पायांनी एरुव करतो. रब्बी मेईरच्या मते ही मुभा गरिबापुरतीच आहे. रब्बी यहूदा मात्र सगळंच उलटं करतो. त्याच्या मते मूळ एरुव पायांचाच, सगळ्यांसाठी. भाकरीचा प्रकार निघाला तो श्रीमंताच्या सोयीसाठी, त्याला सांजवेळी घराबाहेर पडून शिवेपर्यंत चालत जावं लागू नये म्हणून. श्रीमंत गड्याच्या हाती गाठोडं पाठवू शकतो. गरीब स्वतः जाऊन उभा राहतो, आणि त्याचं असणं भाकरीइतकंच भरतं. एका वाक्यात आधीचा अख्खा अध्याय दुसऱ्याच उजेडात दिसू लागतो. अन्न हे इथे माणसाच्या बदली ठेवलेलं आहे. माणूस स्वतः आला की त्याची गरज उरत नाही.

पाचवा अध्याय मोजणीचा आहे, आणि मुळशीकरांना तो सर्वांत जवळचा वाटेल. दोरी बरोबर 50 हातांची हवी, कमी नाही, जास्त नाही, आणि ती छातीशी धरायची. एकाने गळ्याशी आणि दुसऱ्याने पायाशी धरली तर मोजलेलं अंतर कमी भरेल. ओढा किंवा घळ आडवी आली आणि दोरी काठापासून काठापर्यंत पोचत असेल, तर वरून ताणून घ्यायची. खाली उतरून चढून जाण्याची चाल मोजायची नाही. डोंगर उभा चढणीचा असेल तर लहान दोरी घ्यायची. खालचा माणूस ती छातीशी धरतो, वरचा पायाशी, आणि पायऱ्यापायऱ्यांनी आडवं अंतर काढत जायचं. उरवड्याच्या आसपास ओढे आणि डोंगर दोन्ही आहेत. तिथे ही रीत आजही जशीच्या तशी वापरता येईल. वेगळा आहे तो मोजणीमागचा हेतू. जमिनीचे भाव चढल्यापासून आपल्याकडे मोजणी म्हटली की माणसं सावध होतात. मोजणीदाराची तारीख, दोन्हीकडचे पंच, कोरलेला बांध, आणि गुंठ्यातल्या एकेका फुटासाठी कोर्ट. मिश्नातला मोजणारा जाणकार हवा हे खरं, पण हद्द एका ठिकाणी जास्त आणि एका ठिकाणी कमी भरली तर जास्तीचं माप धरायचं. हद्द इथपर्यंत आहे अशी साक्ष दास किंवा दासीने दिली तरी ती मान्य. कारणही दिलंय: शास्त्र्यांनी हा विषय माणसाला सवलत मिळावी म्हणून काढला, जाच व्हावा म्हणून नाही. इतर कितीतरी ठिकाणी ज्यांची साक्ष ग्राह्य नव्हती, त्यांचा शब्द इथे हद्द ठरवायला पुरतो.

आठव्या अध्यायात हीच सोय सगळ्या गावाची होते. एकाने पिंपभर अन्न ठेवायचं आणि म्हणायचं, हे साऱ्या गावाचं. ज्याला सुतकाच्या घरी जायचंय किंवा लग्नघरी, त्याच्यासाठी. ज्याने उजेडात हे आपलं म्हटलं तो जाईल, अंधारानंतर ठरवणारा जाणार नाही. लग्न आणि मयत ही दोनच निमित्तं घेतली आहेत. कुठल्याही गावाला विचारा, शेजारच्या गावी जावंच लागतं ते याच दोन कारणांनी. पुढे दोन वेळचं जेवण म्हणजे किती, यावर वाद होतो. रब्बी मेईर म्हणतो, रोजचं जेवण धरा. रब्बी यहूदा म्हणतो, शब्बाथचं धरा. मग मिश्ना स्वतःच पुस्ती जोडते की दोघांनाही सवलतच द्यायची आहे. सणाला चमचमीत असतं म्हणून भाकर जास्त खपते, की सोबत इतर पदार्थ असतात म्हणून कमी लागते, एवढाच त्यांच्या अंदाजातला फरक. दोन विरुद्ध मतं एकाच कनवाळूपणातून निघतात, हे नोंदवून ठेवावंसं संकलकाला वाटलं, यात त्याची नजर दिसते.

आता अंगणाच्या एरुवाकडे. चार बिऱ्हाडांचं अंगण असेल तर प्रत्येकाने थोडं अन्न द्यायचं, ते एका घरात एकत्र ठेवायचं. मग सगळी घरं मिळून एक घर, आणि शब्बाथला भांडी-पोरं घेऊन अंगणात यायला हरकत नाही. माणसं थोडी असतील तर प्रत्येकामागे सुक्या अंजिराएवढं पुरतं. रब्बी यहोशुआ मात्र म्हणतो, भाकर अख्खी हवी. लहान, स्वस्तातली असली तरी चालेल. मोठ्या भाकरीचा तुकडा चालणार नाही. असं का? तल्मूद म्हणतो, वैर नको म्हणून. तू चतकोर दिलीस, मी अख्खी दिली, हे बोलणं निघू नये. कायदा करणाऱ्याला शेजार ठाऊक होता. चतकोर मोठी असली तरी चतकोरच दिसते, आणि बारकी भाकर गोल असली की तिची लाज वाटत नाही. मापापेक्षा मान राखायचा, म्हणून नियम आकाराकडे न पाहता अख्खेपणाकडे पाहतो.

अंगणाच्या प्रश्नाचा दुसरा पदर सहाव्या अध्यायात आहे. भाऊ बापाच्या पंगतीला जेवतात, पण झोपायला आपापल्या घरी जातात. अंगणाच्या हिशेबात ते एक की वेगळे? तल्मूदात राव आणि शमुएल या दोन आचार्यांचा वाद होतो. एक म्हणतो, जिथे भाकर खातो ते घर. दुसरा म्हणतो, जिथे अंग टाकतो ते. चूल एक आहे की वेगळी, यावर घर मोजणाऱ्या आपल्या लोकांना पहिली बाजू लगेच पटेल. पण पिरंगुट-उरवडे पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी मुलं पाहिली की हा वाद इतका सोपा राहत नाही. जेवण खाणावळीत, झोप खोलीत, आणि रेशनकार्डावर नाव गावाकडे. त्यांचं घर कुठलं? राव आणि शमुएल दोघांनाही विचार करावा लागेल.

इतकं गोड वाचून झाल्यावर एक कडू घोट आहे. अंगणात यहुदी नसलेला शेजारी असेल, तर त्याची भाकर चालत नाही. त्याच्याकडून अंगणावरचा हक्क भाड्याने घ्यावा लागतो. ही अट मुद्दामच अडचणीची ठेवली, म्हणजे आपली माणसं परक्यांत राहायला जाणार नाहीत, असं तल्मूद उघड सांगतो. शेजारी भाडं घ्यायला का कचरेल, तर हा माणूस काही करणी तर करत नाही ना, अशी त्याला शंका येईल. उताऱ्याची ती शंका इथेही आहेच, फक्त पलीकडच्या बाजूने. पण लगेच पळवाटाही येतात. भाडं सर्वांत हलक्या नाण्याहून कमी असलं तरी चालतं. रब्बी एलिएझर बेन याकोब म्हणतो, अंगणात यहुदी बिऱ्हाड एकच असेल तर परक्यामुळे काही अडत नाही. दोन असतील तेव्हाच प्रश्न येतो. आज जगातल्या मोठ्या शहरांत वस्तीभोवती तार बांधून एरुव करतात, तेव्हाही शहराच्या कारभाऱ्यांकडून नाममात्र भाड्याचा करार करून घेतात, आणि सामायिक अन्न म्हणून टिकाऊ मात्झाचा, म्हणजे बेखमीर भाकरीचा, डबा सभास्थानात ठेवतात.

हा भाग आपल्या बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, कसा लागू झाला असता? अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणातल्या गावागावांत ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत; म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. त्यांचा शब्बाथ कायम परक्या शेजारात गेला. पण शेजाऱ्यांकडून त्यांच्यात एक गोष्ट मात्र आली. गोरे आणि काळे असे दोन भाग पडले, आणि त्यांच्यात पिढ्यानपिढ्या रोटी-बेटी व्यवहार होत नसे. ज्या धर्माचा ग्रंथ अंजिराएवढ्या घासाने चार घरं एक करतो, त्या धर्माची माणसं इथे एकमेकांच्या हातचं खाईनाशी झाली. दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. आपल्या गावगाड्यात अन्नाने शीव आखण्याचं शास्त्र केव्हाच पक्कं झालं होतं. कोण कुणाच्या हातचं खातो यावर वस्ती कुठे हे ठरत असे, आणि गावकुसाबाहेरचा माणूस भाकर मागायला आत येई, पण पंगतीला बसू शकत नसे. ती शीव मोडायला भाकर ठेवून भागणारं नव्हतं. भाकर एकत्र बसून खावी लागली. समाजसुधारक अनंत हरी गद्रे यांनी सत्यनारायणाच्या पूजेला दलित जोडपं बसवलं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांना झुणका-भाकर दिली, ते याच समजुतीने. एरुवची भाकर ठेवली की काम झालं. गद्र्यांची भाकर खाल्ल्याशिवाय काम होत नव्हतं.

म्हणून 'एरुवीन' भाबडेपणाने वाचू नये. अन्न घरं जोडतं, हे अर्धंच खरं. तेच अन्न घरं तोडतं, आणि परक्याच्या कलमात हा ग्रंथही ते करतो. त्याचं मोठेपण असं की त्यात प्रत्येक शेजाऱ्याला धरावंच लागतं. अंगणातलं एक बिऱ्हाड जरी एरुवात सामील व्हायला विसरलं, तरी सगळ्यांचं अडतं. त्यातून सुटायचं तर त्यालाच आपला हक्क सोडावा लागतो. मोठ्या भाकरीचा तुकडा छोट्या अख्ख्या भाकरीची जागा घेऊ शकत नाही. सातव्या अध्यायातलं एक कलम मला यासाठी सर्वांत आवडतं. ठेवलेलं अन्न कमी झालं तर कुणीही त्यात भर घालून ती सगळ्यांच्या नावे करावी. सांगायची गरज नाही. माणसं वाढली तर मात्र भर घालावी आणि सांगावंही. अन्न वाढवणं ही खाजगी गोष्ट आहे, माणसं वाढणं सार्वजनिक. नव्या सोसायट्या आणि भाड्याच्या खोल्यांनी ज्यांची वस्ती दरवर्षी फुगते आहे, अशा मुळशीतल्या गावांना मिश्नातलं एकच कलम उसनं घ्यायचं झालं तर हे घ्यावं. नवा माणूस आला की त्याचा वाटा आधी काढून ठेवायचा, आणि तो आता अंगणातला आहे हे मोठ्याने सांगायचं.